अन्न नाकारणारी लेकरे आणि आईबापांचे कर्तव्य

घरातील एखादे वाढत्या वयाचे लेकरू ताटापासून तोंड फिरवू लागले, म्हणजे प्रत्येक जण त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतो. आजी म्हणते, कोणाची तरी दृष्ट लागली. बाप म्हणतो, लाडावून ठेवल्याचा हा परिणाम. आई म्हणते, परीक्षा जवळ आली आहे, ती एकदा संपली की सारे ठीक होईल. शेजारीण म्हणते, हल्लीच्या पोरींना बारीक राहण्याची भारी हौस. आणि दिवस उपवासकाळाचे असले, तर एखादी भाविक बाई कौतुकाने असेही म्हणते, की पोर किती मनोभावे उपवास करते! घरातल्या घरात असा तर्क चालू असताना आठवडे जातात, महिने जातात. अंगावरचे कपडे सैल होतात, केस गळू लागतात, हातपाय थंड पडतात, मुलीची पाळी बंद होते. आणि तरीही ती म्हणते, मला काही झालेले नाही, मला भूक नाही, मी शाळेत खाल्ले आहे.

वाचकहो, असे चित्र ज्या घरात दिसत असेल, त्या घराने ते हट्ट किंवा हौस म्हणून सोडून देऊ नये. हा आजार आहे, आणि मनाच्या आजारांत ज्यांनी सर्वांत अधिक जीव जातात अशा आजारांपैकी तो एक आहे. त्याविषयी आज आम्हांस दोन गोष्टी आमच्या कुटुंबांपुढे ठेवावयाच्या आहेत. पहिली ही की, आईबापांच्या चुकीमुळे हा आजार होतो, असे मानण्यास आधार नाही. दुसरी ही की, शाळकरी व महाविद्यालयीन वयाच्या मुलांच्या बाबतीत त्यावरचा आज सर्वांत भरवशाचा ठरलेला उपचार घरी राहूनच, आईबापांच्याच हातून, रोजच्या ताटावर केला जातो. डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभा राहतो. आईबाप हे ह्या दुखण्यातील आरोपी नसून परिचारक होत.

जुने दुखणे

हा आजार आजकालच्या फॅशनमधून निघाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. तीत पुरते तथ्य नाही. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन नावाच्या लंडनच्या वैद्याने क्षयरोगावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे. ती क्षयाशिवायच झिजत गेली, खाणे सोडून पुस्तकांत डोके घालून बसे, औषध घेईना, आणि शेवटी मरण पावली. त्याच ग्रंथात सोळा वर्षांच्या एका मुलाचीही तशीच हकीकत आहे. म्हणजे मुलगेही ह्या आजारातून सुटत नाहीत, हे तेव्हाच नोंदले गेले होते. पुढे १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल ह्या दोन डॉक्टरांनी ह्या आजाराचे जवळजवळ एकाच वेळी वर्णन केले. गल ह्यांनी त्याला दिलेले 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही चालते.

ह्या आजारात माणूस अन्न कमी कमी करीत जातो. वजन वाढण्याची त्याला विलक्षण भीती वाटते, आणि हाडे दिसू लागली तरी आपण जाडच आहोत असे वाटत राहते. १९७९ साली जेरल्ड रसेल ह्यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' ह्या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले. त्यात अधाशासारखे भरमसाट खाल्ले जाते आणि मग लाजेने व भीतीने ते गुपचूप ओकून टाकले जाते. अशा रोग्याचे वजन बहुधा बेताचेच असते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. आपल्या देशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली अशा पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी खाणे टाकले होते आणि त्यांचे वजन उतरले होते, परंतु जाड होण्याची भीती त्यांच्या बोलण्यात ठळकपणे येत नव्हती. म्हणून 'माझी मुलगी काही सडपातळ होण्याच्या मागे नाही' एवढ्यावर कोणी निश्चिंत होऊ नये. मुलगी काय म्हणते ह्यापेक्षा ताटात काय उरते, हे पाहावे.

ह्याचे कारण काय? एकच एक कारण सांगता येत नाही. काही भाग वंशपरंपरेने येतो. काही स्वभावातून येतो. फार काटेकोर, सारे बिनचूक करू पाहणारी, मनाला लावून घेणारी मुले ह्यात अधिक सापडतात. काही बाहेरून येतो. कोणी शरीरावरून केलेली थट्टा, दुखण्यात उतरलेले वजन, अभ्यासाचा ताण, मोबाइलवर दिवसभर दिसणारी सुडौल चित्रे, ह्यांपैकी कशानेही ठिणगी पडू शकते. परंतु घर जळत असताना काडी कोणी टाकली ह्याची चौकशी करीत बसणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही. आधी पाणी आणावे.

भूक मनालाही खाते

आईबापांना सर्वांत दुःसह होते ते मुलीचे बदललेले वागणे. कालपर्यंत हसतखेळत असणारी पोर चिडखोर होते, खोटे बोलते, भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून तासभर ताटावर बसते, स्वतः खात नाही पण इतरांसाठी स्वयंपाक करावयास धावते. हा ढोंगीपणा आहे असे वाटून घरात भांडणे होतात.

ह्याचा उलगडा अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रयोगाने केला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे समजावे म्हणून, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्यांनी १९४४-४५ साली छत्तीस निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण आपल्या धर्मबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे होते आणि स्वखुशीने प्रयोगात आले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट त्यांच्या मनाची होती. निवडून घेतलेले ते धडधाकट तरुण रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास चिवडत बसू लागले. ते उदास, चिडके आणि माणूसघाणे झाले. त्यांना ॲनोरेक्सिया नव्हता, त्यांना भूक होती. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांची मने ताळ्यावर येण्यास बरेच महिने लागले. कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सारी माहिती १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

ह्यावरून आईबापांनी एक धडा घ्यावा. मुलीचा जो विक्षिप्तपणा आपल्याला दिसतो, त्यातील पुष्कळसा उपासमारीचा आहे. म्हणून 'आधी तिचे मन वळू द्या, मग ती आपोआप जेवेल' असे म्हणून वाट पाहत बसणे घातक ठरते. आधी अंगात अन्न गेले पाहिजे. मन त्याच्या मागून सावरते. ह्या आजारात अन्न हेच पहिले औषध होय, आणि तेही औषधासारखेच वेळेवर व ठरल्या प्रमाणात दिले गेले पाहिजे.

बाहेर घातलेले आईबाप पुन्हा आत आले

मात्र हे औषध कोणी द्यावे, ह्याविषयी वैद्यकशास्त्राचे मत शंभर वर्षे निराळे होते. रोग्याच्या लहरीवर न सोडता ठरल्या वेळी अन्न द्यावे, हे गल ह्यांनी अचूक सांगितले. परंतु त्याच लेखात त्यांनी असेही लिहिले, की नातलग आणि मित्र हेच बहुधा सर्वांत वाईट शुश्रूषक असतात. पॅरिसचे विख्यात डॉक्टर शार्को ह्यांनी तर मुलीला आईबापांपासून दूर करणे हाच उपचाराचा पाया मानला. पुढे कित्येक दशके हीच चाल राहिली. मुलगी इस्पितळात जाई, वजन वाढवून घरी येई, आणि घरी येताच पुन्हा उतरे. कारण घरच्यांना काय करावे हे कोणी शिवकलेलेच नसे. वर आईच्या कपाळी 'तुझ्यामुळेच हे झाले' असा शिक्का बसे तो निराळाच.

हा प्रवाह उलट फिरविण्याचे श्रेय मुख्यतः लंडनच्या मॉड्सली इस्पितळाकडे जाते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे साल्व्हादोर मिनुचिन ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात सबंध कुटुंबाला समोर बसवून उपचार करण्यास प्रारंभ केला होता. मॉड्सलीच्या डॉक्टरांनी ती दिशा घेतली, परंतु कुटुंबातच दोष आहे हे गृहीत धरण्याचे सोडून दिले. जेरल्ड रसेल, जॉर्ज श्मुक्लर, ख्रिस्तोफर डेअर आणि आयव्हन आइस्लर ह्यांनी १९८७ साली आपल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इस्पितळातून घरी पाठविलेल्या ऐंशी रोग्यांपैकी काहींवर कुटुंबासह, तर काहींवर एकेकट्याने उपचार करण्यात आले. ज्यांचा आजार लहान वयात जडला होता आणि तीन वर्षांहून जुना झाला नव्हता, त्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा स्पष्ट लाभ झाला. आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हाही तो टिकून होता.

पुढे जेम्स लॉक व डॅनियल ल ग्रेंज ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००१ साली ही पद्धत पायरीपायरीने पुस्तकात मांडली. त्यांनीच शिकागो व स्टॅनफर्ड येथे १२ ते १८ वर्षांच्या १२१ मुलामुलींवर केलेली तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. उपचार संपून एक वर्ष झाल्यावर, आईबापांच्या हातून उपचार झालेल्यांपैकी ४९ टक्के पूर्णपणे बरे आढळले. ज्यांना एकेकट्याने उपचार मिळाले त्यांच्यापैकी २३ टक्के. वाचकांनी हे आकडे नीट पाहावेत. निम्म्यांच्या आसपास मुले पुरती बरी झाली, म्हणजे सारीच झाली नाहीत. आम्ही येथे चमत्काराची ग्वाही देत नाही. परंतु जो मार्ग दुप्पट मुलांना तारतो, तो ठाऊक असणे हे आईबापांचे कर्तव्यच होय. इंग्लंडच्या शासकीय आरोग्यमार्गदर्शिकेनेही २०१७ साली मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी कुटुंबासह उपचारालाच पहिले स्थान दिले.

रोग्याबरोबर घरच्यांनी राहावे, हा विचार आपल्या देशाला नवा नाही. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉक्टर विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांना त्यांच्यासोबत ठेवून घेतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली स्थापिलेल्या मानसिक आरोग्य केंद्रातही रोग्यासोबत घरचे माणूस राहण्याची रीत पडली. दुखणाईताला एकटे न सोडणारी आपली कुटुंबे ह्या कामी मुळातच समर्थ आहेत. त्यांना वाट तेवढी दाखवावी लागते.

उपचार कसा चालतो

सर्वांत आधी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाडी, रक्तदाब, वजन आणि रक्तातील क्षार पाहिल्यावाचून काहीही सुरू करू नये. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकाएकी भरपूर अन्न घातले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटून जिवावर बेतू शकते. म्हणून किती अन्नापासून सुरुवात करावी, हे डॉक्टरच सांगील. चक्कर येऊन पडणे, जागेपणी नाडी मिनिटाला पन्नासाच्या खाली जाणे, पाणीही नाकारणे, वारंवार ओकणे, किंवा जीव देण्याची भाषा, ह्यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. अशा प्रसंगी घरी थांबणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

तपासणीनंतर मूल घरी राहू शकेल असे ठरले, म्हणजे उपचाराच्या तीन पायऱ्या सुरू होतात. सबंध कुटुंब ठरल्या दिवशी, प्रारंभी आठवड्यातून एकदा, डॉक्टरकडे किंवा मानसोपचारकाकडे जाते. दर वेळी मुलीचे वजन घेतले जाते. सहा महिने ते वर्षभर हे चालते.

पहिल्या पायरीत खाण्याचा सारा कारभार आईबाप आपल्या हाती घेतात. काय शिजवावयाचे, किती वाढावयाचे, केव्हा खावयाचे, हे ते ठरवितात. मुलीने त्यात पडावयाचे नाही. तीन वेळची जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी, प्रत्येक वेळी आईबापांपैकी कोणीतरी शेजारी बसते. दुसऱ्या भेटीला तर कुटुंबाला घरचे जेवण बांधून आणावयास सांगतात आणि सारे तेथेच जेवतात. मुलगी जेवढे खावयास तयार आहे त्याहून एक घास अधिक आईबापांनी तिला खाऊ घालावा, एवढाच त्या दिवसाचा उद्देश असतो. तो एक घास पुष्कळदा सबंध कुटुंबाचा धीर परत आणतो.

दुसऱ्या पायरीत, वजन सावरू लागले आणि जेवणावरची झुंज ओसरली म्हणजे, खाण्याचा कारभार थोडा थोडा करून मुलीच्या हाती परत दिला जातो. आधी मधले खाणे तिचे तिने घ्यावे, मग शाळेतला डबा, मग एखादे जेवण. तिसऱ्या पायरीत अन्नाचा विषय मागे पडतो आणि त्या वयाचे इतर प्रश्न, म्हणजे मैत्री, शिक्षण, पुढील आयुष्य, बोलले जातात. बुलिमिया असेल तर मुलाला पहिल्यापासून थोडे अधिक सहभागी करून घेतात आणि जेवणानंतर तासभर त्याला एकटे सोडत नाहीत.

हे ऐकावयास सोपे, करावयास फार कठीण आहे. समजा, संध्याकाळची वेळ आहे. ताटात ज्वारीची भाकरी आहे, तूप घातलेली आमटी आहे, भात आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. मुलगी म्हणते, "आई, माझ्यानं होत नाही." आईने येथे रागावू नये आणि विरघळूही नये. तिने म्हणावे, "ठाऊक आहे मला, बाळ. हे तुझं दुखणं बोलतंय. पण एवढं ताट संपेपर्यंत मी इथंच बसले आहे. घे, हा घास घे." मुलगी रडेल, ताट ढकलील, नको ते बोलेल. तरी तेच शब्द, त्याच आवाजात, पुन्हा म्हणावेत. मुलगी निराळी आणि तिचे दुखणे निराळे, हे आईबापांनी मनात पक्के धरावे. तापात बडबडणाऱ्या मुलावर आपण रागावत नाही. त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवतो.

मारहाण, जबरदस्तीने तोंडात कोंबणे, उपाशी कोंडणे, शपथा घालणे, भावंडांशी तुलना करणे, ह्यांतील काहीही करू नये. आईबापांची बोचरी टीका जेथे अधिक, तेथे हा उपचार कमी यशस्वी होतो, असे मॉड्सलीच्याच अनुभवातून दिसून आले आहे. अशा घरांत आईबापांना आणि मुलीला वेगवेगळे भेटणेच डॉक्टर पसंत करतात. ठाम राहणे आणि कठोर होणे ह्यांत अंतर आहे. संध्याकाळची बस जाऊ न देणारा बाप ठाम असतो. बसच्या मागे मुलाला फरफटवणारा कठोर असतो.

एकत्र कुटुंबात आणखी एक दक्षता

आपल्या घरांत आईबापांखेरीज आजी असते, आत्या असते, काका असतात. त्यांचे बळ मोठे, पण त्यांच्यामुळे फूटही पडू शकते. आई ताट संपवावयास सांगते आणि आजी कळवळून म्हणते, "राहू दे गं, पोर रडते आहे, उद्या खाईल." तेवढ्या एका वाक्याने दुखणे जिंकते. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून एकच भाषा ठरवावी. आईबाप शेतावर किंवा कामावर जात असतील, तर दुपारच्या जेवणाला कोण बसणार, हेही नेमून घ्यावे. आजीसारखे मायेचे माणूस त्या कामी फार उपयोगी पडते, मात्र तिने ठरलेला नियम मोडू नये. शाळेच्या डब्यासाठी वर्गशिक्षिकेशी किंवा सिस्टरांशी आधी बोलून ठेवावे. भावंडांवर पहारेकऱ्याचे काम टाकू नये; त्यांनी बहिणीशी खेळावे, बोलावे, जेवणानंतर तिला एकटे वाटू देऊ नये.

आणि एक गोष्ट सर्वांनीच पाळावी. 'जाड झालीस', 'वाळलीस', 'आता छान भरलीस' असले शब्द घरात, लग्नघरी, सणाच्या पंगतीत किंवा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात कोणाही मुलामुलीला उद्देशून बोलू नयेत. शेवटचे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. पण बरी होत असलेल्या मुलीच्या कानी ते काट्यासारखे शिरते. स्थळ पाहताना अडचण येईल ह्या भयाने मुलीचे दुखणे लपवून ठेवणारी घरेही आहेत. त्यांनी एवढेच पाहावे, की आजार जितका जुना होतो तितका तो बरा करणे अवघड जाते. गुप्तता पाळावयाचीच, तर उपचार करून पाळावी.

उपवास आणि उपासमार

धर्मगुरू ह्या नात्याने आम्हांस येथे स्पष्टपणे बोलले पाहिजे; कारण काही मुले आपल्या दुखण्यावर भक्तीचे पांघरूण घालतात, आणि ती ते प्रामाणिकपणे घालतात.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपवास वयाची अठरा वर्षे पुरी झालेल्यांनाच बंधनकारक आहे, तोही साठावे वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पुरी झालेल्यांना लागू होतो. म्हणजे ज्या मुलामुलींविषयी आपण बोलत आहो, त्यांतील बहुतेकांवर उपवासाचे बंधन मुळीच नाही. वयाने मोठे असलेले रोगीही दुखण्यामुळे त्यातून मोकळे आहेत, आणि मनात शंका उरली तर धर्मग्रामाचा धर्मगुरू सूट देऊ शकतो. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवासही आजाऱ्यांस आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस बंधनकारक नाही. तेव्हा ह्या आजारातून उठणाऱ्या मुलीने उपवासकाळात काही त्याग करावयाचाच असेल, तर तिने आईने वाढलेले ताट संपवावे. तिच्यासाठी तेच अधिक कठीण आहे आणि तेच आज्ञापालन आहे. जेवल्याबद्दल पापनिवेदनात क्षमा मागणाऱ्या मुलीला, जेवणे हे पाप नाही, डॉक्टरचे आणि आईबापांचे ऐक, असेच कोणीही धर्मगुरू सांगील.

सिएनाच्या संत कॅथरीनचे उदाहरण अशा वेळी पुढे केले जाते. तिचा जन्म १३४७ सालचा. अन्न जवळजवळ टाकून ती १३८० साली, तेहतिसाव्या वर्षी वारली. ती महान संत होती आणि १९७० साली तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान मिळाले, ते तिच्या ज्ञानाबद्दल व प्रीतीबद्दल. तिच्या न जेवण्याचा कित्ता गिरवावा असे ख्रिस्तसभेने कोठेही सांगितलेले नाही. खुद्द कॅथरीननेच एका पत्रात लिहिले आहे, की इतर माणसांप्रमाणे आपल्याला खाता यावे म्हणून ती देवाची प्रार्थना करीत असे. त्याच वर्षी आचार्यपद मिळालेल्या अविलाच्या संत तेरेसाने तर आपल्या मठांतील वरिष्ठांना बजावले होते, की उपवासांनी दुर्बल होऊन ज्यांना भास होऊ लागतात त्या भगिनींना अधिक खावयास द्या आणि झोपू द्या. मठ चालवून अनुभवाने शहाण्या झालेल्या त्या संत स्त्रीला भक्ती कोणती आणि अशक्तपणा कोणता, हे चांगले समजत होते.

शुभवर्तमानातील याईराच्या मुलीची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती बारा वर्षांची होती. घरात रडारड चालली होती, लोक हसत होते. प्रभू येशूने त्या गर्दीला बाहेर काढले. पण मुलीच्या आईबापांना मात्र आपल्याबरोबर आत नेले. मुलगी उठून चालू लागल्यावर सारे थक्क झाले. तेव्हा प्रभूने त्यांना सांगितलेली गोष्ट अगदी साधी होती: तिला खावयास द्यावे. जीव परत देण्याचे कार्य प्रभूने केले आणि घास भरविण्याचे काम आईबापांवर सोपविले. ह्या दुखण्यात आईबापांनी हीच वाटणी ध्यानात ठेवावी.

आज काय करावे

ज्या घरात अशी शंका असेल, त्यांनी ह्याच आठवड्यात मुलीला किंवा मुलाला जवळच्या डॉक्टरकडे न्यावे आणि जे दिसले ते न लपविता सांगावे: किती महिने झाले, काय खाते, पाळी केव्हा बंद झाली, जेवणानंतर किती वेळ न्हाणीघरात असते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. ह्या उपचारात तरबेज झालेले डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत असतात, परंतु पुष्कळ जण आता व्हिडिओवरूनही कुटुंबांना भेटतात. वजन व नाडी पाहण्याचे काम गावचा डॉक्टर करू शकतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. पहिले पाऊल टाकावयाचे धैर्य होत नसेल, तर तेथे विचारावे.

धर्मग्रामातील इतरांचेही काही देणे लागते. अशा घरातील आई दिवसातून पाच-सहा वेळा ताटापाशी बसते. तिच्या शेताचे, दुकानाचे, गुराढोरांचे काम कोणी थोडे उचलले, तर तो मोठा आधार होईल. बाप रजा काढून घरी बसला, तर त्याला नावे ठेवू नयेत. आणि त्या घरी भेटीस गेल्यावर मुलीच्या शरीराविषयी चकार शब्द न काढता तिच्याशी इतर गोष्टी बोलाव्यात.

आईबापांनो, ही झुंज काही दिवसांची नाही. कधी चार दिवस बरे जातील आणि पाचव्या दिवशी ताट पुन्हा भिंतीवर आपटेल. त्या रात्री तुम्हांला वाटेल की सारे व्यर्थ गेले. तसे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चूल पेटवा, दूध तापवा, आणि तिच्या शेजारी जाऊन बसा. याईराच्या घरी गेलेला प्रभू अशा प्रत्येक घरी तुमच्यासोबत असो, आणि तुमच्या हातांस धीर व तुमच्या लेकरांस आरोग्य देवो.